कोण बघणार आहे?

आपल्याकडे एक वाक्य फार चालतं. निरोपाच्या मोमेंटोवर विमान चुकीचं कोरलं गेलं, तरी "कोण बघणार आहे?" चौकातल्या जुन्या तोफेला हाती लागेल तो हिरवा रंग फासला, तरी "कोण बघणार आहे?" विजय दिवसाच्या फलकावर भलत्याच विमानाचा फोटो छापला, तरी तेच. वाक्य बोलणारा माणूस वाईट नसतो. शहिदांबद्दल त्याला खरा आदर असतो, १६ डिसेंबरला त्याचे डोळेही पाणावतात. फक्त मोजपट्टी हातात घ्यायची त्याची तयारी नसते.

या वाक्याविरुद्ध मला आज लिहायचं आहे. आधार घेणार आहे तो एका खेळण्याचा, कारण खेळण्यातली चूक पट्टीने मोजता येते. मोठ्या गोष्टींतली चूक भाषणाखाली झाकली जाते.

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या माझ्या भाड्याच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर सध्या एक एचएफ-२४ मारुत तयार होतंय. एकास बहात्तर प्रमाणातलं, रेझिनचं किट. ज्यांनी रेझिनचं किट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दुकानात मिळणारी नेहमीची प्लॅस्टिकची किट्स पोलादी साच्यांतून निघतात. तो साचा बनवायला प्रचंड खर्च येतो आणि हजारो डबे खपले तरच तो भरून निघतो. म्हणून स्पिटफायर, मस्टँग, मिग यांची किट्स ढिगाने मिळतात. जे विमान जगाच्या फारशा लक्षात नाही, त्याचं किट कोणीतरी एकटादुकटा हौशी माणूस आपल्या घरात बनवतो. एक मूळ नमुना घडवायचा, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा, दोन द्रव मिसळून त्यात ओतायचे, काही मिनिटांत भाग घट्ट होतो. काही डझन वेळा ओतलं की साचा फाटायला लागतो. एवढाच त्याचा संसार.

म्हणजे किट रेझिनचं आहे, हीच एक बातमी असते. तिचा अर्थ असा की हे विमान लक्षात ठेवणारी माणसं जगात थोडी आहेत. मारुत हे भारतात आराखडा झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान. १७ जून १९६१ रोजी बंगळुरूला सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. सगळी मिळून १४७ विमानं बनली. १९७१ मध्ये ती वाळवंटात लढली. आणि त्याचं किट मला परदेशातल्या एका हौशी माणसाकडून, टपालखर्च आणि कस्टम भरून मागवावं लागतं. त्या माणसाचे माझ्यावर उपकारच आहेत. प्रश्न त्याला विचारायचा नाही, आपल्याला विचारायचा आहे.

आता चुकीकडे येतो. खऱ्या मारुतची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर. बहात्तरने भागलं की लांबी २२ सेंटिमीटर आणि विस्तार साडेबारा सेंटिमीटर यायला हवा. माझ्या किटचं धड ३ मिलिमीटरने आखूड आहे. तीन मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानात २१.६ सेंटिमीटर, जवळजवळ एक वीत. एवढ्यावर मी भांडलो नसतो. रेझिन थंड होताना थोडं आकसतंच. पण किटमध्ये मारुतची कंबर नव्हती, आणि कंबर नसलेलं मारुत मी टेबलावर ठेवू शकत नाही.

कंबर म्हणजे काय? विमान आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो. हा विरोध विमानाच्या प्रत्येक ठिकाणच्या एकूण छेदावर, म्हणजे धड आणि पंख मिळून होणाऱ्या आकारावर अवलंबून असतो. जिथे पंख सुरू होतात तिथे तो आकार अचानक फुगतो. उपाय असा की तिथे धडच थोडं आत घ्यायचं. अमेरिकेत रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं आणि त्यानंतरच्या वेगवान विमानांना ही कंबर दिसू लागली. मारुतला ती आहे, कारण मारुतचा आराखडा आवाजाच्या दुप्पट वेगासाठी केला होता.

ही गोष्ट नीट समजून घ्या. जर्मनीचे कुर्ट टँक, ज्यांनी दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० घडवलं, ते १९५६ मध्ये बंगळुरूला आले. त्यांनी आणि आपल्या अभियंत्यांनी विमान ज्या जोरकस ऑर्फियस इंजिनाच्या भरवशावर बेतलं, त्याचा विकास ब्रिटनमध्ये थांबला आणि पुढचा खर्च उचलायला आपणही तयार झालो नाही. शेवटी आफ्टरबर्नर नसलेली, प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेट्याची दोन ऑर्फियस इंजिनं बसवावी लागली. पर्याय म्हणून इजिप्तच्या इंजिनाचीही चाचणी झाली, तेही जमलं नाही. आपल्याच इंजिनाला आफ्टरबर्नर जोडून पाहण्याचा प्रयत्न झाला. त्या विमानाच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले, तेच ज्यांनी ते पहिल्यांदा उडवलं होतं. मारुत आयुष्यभर आवाजाच्या वेगाच्या उंबरठ्यावरच राहिलं.

म्हणजे ती कंबर ज्या वेगासाठी होती, तो वेग त्या विमानाला कधीच मिळाला नाही. आपल्या देशाने काय ठरवलं होतं आणि कुठे अडलो, हे त्या दोन वळणांत लिहिलेलं आहे. किट बनवणाऱ्याने ती सपाट केली की ही सगळी गोष्ट पुसली जाते आणि उरतं एक टोकदार नाकाचं कुठलंही जेट. म्हणून मी धड घासतो.

कसं, तेही सांगतो, म्हणजे हे काही गूढ नाही हे कळेल. साच्याला भाग चिकटू नये म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर राहतो, त्यामुळे आधी सगळे भाग कोमट पाण्यात साबणाने धुवायचे. धुतलं नाही तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. वाकलेला पंख गरम पाण्यात धरला की मऊ होतो, मग काचेवर दाबून थंड करायचा. भिलाईच्या मे महिन्यात मात्र उलटी काळजी, सरळ केलेला पंख उन्हाच्या खिडकीत ठेवला तर पुन्हा माना टाकतो. घासायचं ते ओल्या वॉटर पेपरने आणि तोंडाला मास्क लावून, कारण रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. प्लॅस्टिकच्या मॉडेलचा गोंद रेझिनला चालत नाही. फेविक्विक लागतं. त्यात टाल्कम पावडर कालवली की बारीक भोकं बुजवायची लांबी तयार. मोठ्या खड्ड्याला एम-सील. पंख नुसता चिकटवला तर रेझिनच्या वजनाने सांध्यात तडा जातो, म्हणून आत पितळी तारेची खुंटी. नाकात शिशाचे दाणे, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. नाकापुढची हवेचा वेग मोजणारी नळी आणि तोफांच्या नळ्या इंजेक्शनच्या सुईच्या. यातली बहुतेक खरेदी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या आणि औषधांच्या दुकानात होते.

धडाच्या दोन्ही बाजूंनी रेझिन काढताना तीनदा मापलं. त्यासाठी आधार म्हणून छापील आराखडे, जुने फोटो आणि प्रत्यक्ष उभी असलेली विमानं यांची तुलना करावी लागते. एका संध्याकाळी शेजारचे काका येऊन बसले. अमरावतीकडचे, आयुष्य इथल्या प्लांटच्या रेल मिलमध्ये गेलं. बराच वेळ बघून म्हणाले, "साहेब, इतकं घासून कोनाले दिसनार हाये?" मी विचारलं, "काका, पटरी अर्धा मिलिमीटर जास्त निघाली तर चालायची का?" ते लगेच म्हणाले, "ते कसं चालन? त्यावरून गाडी जाते." मग स्वतःच हसले. पुढच्या वेळी आले ते घरातला जुना व्हर्नियर घेऊनच.

काकांचं उत्तर मला पटतं आणि पटतही नाही. पटरीवरून गाडी जाते म्हणून तिचं माप सांभाळायचं, हे बरोबर. भिलाई १३० मीटरची अखंड पटरी देते, ती काही भावनेवर सरळ राहत नाही. पण स्मृतीवरूनही माणसं जातात. पुढची पिढी आपलं मत, आपला अभिमान, आपले निर्णय त्या स्मृतीवरूनच नेते. तिथे माप सैल चालतं, हे आपल्याला कोणी शिकवलं?

फौजी वाचकाला तर हे सांगायलाच नको. सँड मॉडेलवर ब्रीफिंग दिलेलं नाही असा अधिकारी आपल्यात नाही. वाळू, रंगीत पावडर, काड्यापेटीची घरं, सुतळीचा रस्ता. बाहेरच्याला तोही पोरखेळ वाटेल. पण त्यावर नाला दोनशे मीटर इकडे काढला तर रात्री प्लाटून उघड्यावर सापडते. तिथे आपण म्हणतो का, "कोण बघणार आहे?" तिथे जेसीओ साहेब गुडघ्यावर बसून नकाशाशी ताडून पाहतात. लहान प्रतिकृती खरी असावी लागते, हे आपल्या पेशाला ठाऊक आहे. ते ज्ञान आपण लढाई संपली की विसरतो.

मारुतचीच गोष्ट घ्या. धातूचं विमान बनवण्याआधी १९५९ मध्ये त्याच आकाराचं, पूर्ण मापाचं, दोन माणसं बसतील असं लाकडी ग्लायडर बनवलं गेलं. डाकोटा विमानाने त्याला दोरीने ओढत वर न्यायचं आणि सोडायचं. आकार हवेत कसा वागतो हे त्यातून शिकले, मग खरं विमान कापायला घेतलं. आपलं पहिलं जेट लढाऊ विमान एका मॉडेलमधून जन्माला आलं आहे. तेव्हा मॉडेलला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी आधी बंगळुरूच्या त्या लोकांना तसं म्हणून दाखवावं.

आता मोमेंटोकडे वळतो. एका कार्यक्रमात, कुठल्या ते महत्त्वाचं नाही, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांच्या नावाने दिलेलं एक सुंदर चकचकीत स्मृतिचिन्ह मी पाहिलं. वर पितळी नॅट. दोन आसनांचं.

ही चूक कुठून येते तेही सांगतो. नॅटचं जगभर गाजलेलं रूप म्हणजे ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकाचं दोन आसनी ट्रेनर. त्याचं एअरफिक्सचं किट १९६०च्या दशकापासून मिळतंय, त्याचे फोटो सगळीकडे आहेत. कारागिराने हाताला लागलं ते घेतलं. पण आपल्या वायुदलाचं लढाऊ नॅट एका आसनाचं होतं. त्याचे पंख सुमारे ६.७ मीटर, ट्रेनरचे ७.३. ट्रेनरचं धडही लांब. नुसतं मागचं आसन बुजवून एकाचं दुसरं होत नाही.

१४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखों उडाले. त्यांच्या पुढे उडालेल्या साथीदाराशी धुक्यात नजरेचा संपर्क तुटला. सहा सेबर विमानांशी ते एकटे लढले आणि गेले. वायुदलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. ज्या गोष्टीचा सगळा अर्थ "तो एकटा होता" यात आहे, तिच्या स्मृतिचिन्हात आपण त्याच्या मागे दुसरं आसन बसवतो. आणि टाळ्या वाजवतो. कोण बघणार आहे?

दुसरं उदाहरण आपल्या घरचं, नाशिकजवळच्या ओझरचं. १९६४ मध्ये तिथे एचएएलचा कारखाना मिग-२१ साठी उभा राहिला. सुरुवात कशी झाली? सोव्हिएत रशियाकडून आलेल्या सुट्या भागांच्या संचांची जुळणी करून. मग हळूहळू भाग इथे बनू लागले आणि शेवटी कच्च्या मालापासून विमान. म्हणजे नाशिकच्या कितीतरी घरांनी खऱ्या आकाराचं किट जोडलेलं आहे. तिथे बनलेल्या मिग-२१ एफएल या प्रकाराच्या पोटात तोफ नव्हती. नुसत्या क्षेपणास्त्रांवर भागेल, असा त्या काळचा जगभरचा समज. १९६५ च्या युद्धाने तो उतरवला आणि पोटाखाली दुनळी तोफेचा वेगळा पॉड टांगायची सोय झाली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं ते त्याच तोफेने.

एकास बहात्तरमध्ये तो पॉड एखाद्या शेंगेएवढा. लावला नाही तर मॉडेल अपुरं दिसत नाही, उलट जास्त सुबक दिसतं. पण सहा वर्षांत शिकलेला एक धडा, ज्यासाठी माणसं गेली होती, तो त्या शेंगेत आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा आमच्या ग्रुपांवर दिवसभर सलाम येत होते. त्यातल्या कित्येक चित्रांत जे विमान होतं ते आपल्याकडे कधी उडालंच नाही अशा प्रकारचं, कुठे दुसऱ्याच देशाच्या खुणांचं. सलाम मनापासून होता. तो पोहोचला मात्र दुसऱ्याच पत्त्यावर.

आता थोडं कडू बोलतो, निवृत्त मंडळींनी राग मानू नये. दरवर्षी एक संदेश फिरतो की मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आधी. तळपदे प्रयोगशील गृहस्थ असतील, त्यांच्याबद्दल मला अनादर नाही. पण त्या उड्डाणाचा मोजता येईल असा त्या काळातला आराखडा कुठे आहे? ज्या वैमानिक शास्त्राचा याबरोबर दाखला देतात, त्या ग्रंथाचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपास केला. त्यात वर्णन केलेली यंत्रं उडू शकत नाहीत आणि ग्रंथही प्राचीन नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आणि हे करताना आपण कोणाला विसरतो? विष्णू माधव घाटगे यांना. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस १९३०च्या दशकात जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकला. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं, स्वतंत्र भारतात आराखडा होऊन उडालेलं पहिलं विमान. पुढे किरण हे जेट ट्रेनरही त्यांच्याच चमूने घडवलं, ते ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडालं. आपले वैमानिक वर्षानुवर्षं या विमानांवर शिकले. सगळं मोजलेलं, तपासलेलं, कागदावर असलेलं. मराठी माणसाला मिरवायला यापेक्षा पक्कं काय हवं? पण घाटगे यांचं नाव मी दहा सुशिक्षित मराठी मित्रांना विचारलं, तर नऊ जणांनी मलाच विचारलं, कोण? तळपदे दहाही जणांना माहीत होते.

याचं कारण मला स्पष्ट दिसतं. माप नसलेला अभिमान स्वस्त असतो, त्याला काही वाचावं लागत नाही. मापातला अभिमान कष्टाचा. त्यात यशाबरोबर अपुरं इंजिनही येतं, कंबरही येते, दासांचा मृत्यूही येतो.

या हौशीविरुद्धचे आक्षेप मी बरेच ऐकले आहेत. त्यातले तीन विचार करण्यासारखे आहेत.

पहिला, हा श्रीमंतांचा शौक. रेझिनच्या किटला काही हजार रुपये जातात, खरं आहे. पण ते महाग आहे कारण आपण बनवत नाही. रेझिन ओतायला कारखाना लागत नाही. आज गल्लोगल्ली रेझिनचे कीचेन आणि कोस्टर बनताहेत. रायगड जिल्ह्यातल्या पेणमध्ये साच्यातून हजारो गणेशमूर्ती काढून, त्यांचे सांधे घासून, डोळ्यांची आखणी करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डोळा केसभर चुकला तर मूर्ती बिघडते हे त्या हातांना सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे मारुतचा अचूक आराखडा नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप, लष्करी वस्तूंची मापं अशी उघडी करायची नसतात. मी गणवेशातला माणूस आहे, गुप्ततेचं महत्त्व मला शिकवू नका. आज सेवेत असलेल्या कशाबद्दलही मी बोलत नाही. पण मारुतला सेवेतून जाऊन तीन दशकं उलटली. एक मारुत म्युनिकजवळच्या श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयात उभं आहे, तिकीट काढून कुणीही पाहावं. एक मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये, एक पुण्यात कमला नेहरू पार्कात. जे विमान जर्मन शाळकरी पोर जवळून बघतं, ते आपण कोणापासून लपवतो आहोत?

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. काही मॉडेलकार रिवेट मोजत बसतात आणि विमान कोणी उडवलं ते त्यांना ठाऊक नसतं. अशी माणसं आहेत, आणि त्यांच्याशीही माझं भांडण आहे. एकास बहात्तरमध्ये खरा रिवेट डोळ्याला दिसतही नाही. तो कोरून दाखवणं हीसुद्धा एक चूकच. माझा क्रम साधा आहे. आधी आकार, कारण तो विमानाचा हेतू सांगतो. मग जे भाग काही घडलं ते सांगतात: मारुतच्या शेपटीतली दोन वेगळी इंजिनमुखं, कारण १९७१ मध्ये एक इंजिन निकामी होऊनही मारुत तळावर परतल्याच्या नोंदी आहेत. मिगचा पॉड. नॅटचं एकच आसन. मग क्रमांक आणि स्क्वाड्रनची खूण. बाकीचं वेळ उरला तर. माप माणसापर्यंत पोहोचायला हवं, नाहीतर ते नुसतं माप.

पुणेकरांना मला विचारायचं आहे. कमला नेहरू पार्कातल्या "त्या विमाना"पाशी तुमच्यापैकी किती जण लहानपणी खेळले असाल, मग तुमची मुलं खेळली. त्याचं नाव किती जणांना सांगता येतं? ते ज्या जातीचं, ती विमानं उत्तरलाईहून उडून वाळवंटातल्या आमच्या फौजेच्या मदतीला गेली होती, हे किती जणांना माहीत आहे? मी पायदळाच्या बाजूचा माणूस विमानांवर एवढं का लिहितो, याचं उत्तरही त्यातच आहे. वरून येणाऱ्या मदतीची किंमत खाली असणाऱ्यालाच कळते.

नुसती तक्रार करून थांबणं बरं नाही, म्हणून मागणी मांडतो. देशभर चौकांत, बागांत, शाळांच्या फाटकांशी निवृत्त विमानं आणि रणगाडे उभे आहेत. ऊन, पाऊस आणि दर दोन-चार वर्षांनी रंगाचा नवा थर यांत त्यांच्या खुणा बुजत चालल्या आहेत. पुढचा थर देण्याआधी प्रत्येकाचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, मापं घ्या, जुना क्रमांक दिसत असेल तर नोंदवा. हे काम एनसीसीच्या एअर विंगच्या मुलांना द्या. त्यांच्या अभ्यासक्रमात एअरोमॉडेलिंग आहेच. बाल्साच्या ठरावीक ग्लायडरबरोबर एक खरं विमान मोजून त्याची प्रतिकृती बनवू द्या. इथली मुलं मी रोज बघतो. प्लांटमध्ये काम करणाऱ्यांची पोरं आहेत, व्हर्नियर त्यांच्या घरात आहे.

फलकावर विमानाचं नाव, क्रमांक, स्क्वाड्रन आणि सेवेची वर्षं स्थानिक भाषेत लिहा. "शौर्याचं प्रतीक" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. निवृत्त होऊन तीस वर्षं झालेल्या विमानांचे बाह्य आराखडे, निदान तीन बाजूंच्या आकृत्या, प्रसिद्ध करा. आणि स्मृतिचिन्ह मागवताना समितीतल्या एका तरी माणसाने कारागिराला योग्य फोटो द्यावा. याला बजेट लागत नाही, अर्धा तास लागतो.

निवृत्त मित्रांना वेगळं सांगणं आहे. तुमच्या ट्रंकेत जुने फोटो आहेत. मागे उभ्या असलेल्या विमानाच्या, गाडीच्या, तोफेच्या खुणा त्यांत दिसतात. त्या फोटोमागे तारीख, जागा, युनिट आणि माणसांची नावं आजच लिहून ठेवा, स्वतःच्या हाताने. तुमच्यानंतर ती नावं सांगणारं कोणी नसेल, आणि मग पोरं इंटरनेटवरचं पहिलं चित्र उचलतील.

टेबलावरच्या मारुतला आता एका बाजूची कंबर आली आहे, दुसरी या रविवारी होईल. आखूड धडात तीन मिलिमीटरचा तुकडा बसवून झाला. त्यानंतर रंग, आणि मग ते एनसीसीच्या वर्गात जाईल. तिथे पोरं ते हातात घेतील, सुईची नळी बहुधा मोडतील, मी दुसरी लावीन. पण त्यातलं एखादं पोर हमखास विचारेल, "सर, ये बीच में पतला क्यों है?" तो प्रश्न यावा म्हणूनच हे सगळं घासणं आहे. सपाट धडाच्या विमानाला हा प्रश्न कोणी विचारला नसता.